गान् म्हणजे काठी

“गान् बसलाय,” ओलाउगबाई म्हणाल्या आणि लगेच त्यांनी तोंड मिटून घेतलं.

मी त्यांची पाठ पुसत होते. गरम पाण्यात पिळलेलं फडकं उजव्या खांद्याखाली गेलं, तशी त्यांना कळ आली आणि शब्द तोंडून निघून गेला. सकाळचे दहा वाजले असतील. मार्च महिना होता. बाहेर बर्फावर ऊन इतकं लखलखत होतं, की खोलीचा पडदा अर्धा ओढून घ्यावा लागला होता.

“काय बसलंय?” मी विचारलं.

“काही नाही. जुना शब्द आहे. म्हातारी माणसं म्हणायची.”

“सांगा ना. माझी परीक्षा आहे.”

परीक्षा म्हटलं की त्यांचा नाइलाज व्हायचा. अडतीस वर्षं शाळेत शिकवलेली बाई. माझ्या वहीतला एक चुकलेला प्रत्यय त्यांना खांद्याच्या कळेहून जास्त दुखायचा.

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी सुवार्ता लोंढे, मिरजेची. नर्सिंग मिरजेलाच केलं, दहा वर्षं वॉर्डात काढली. माझे यजमान रूबेन बोटींच्या इंजिनांचं काम करायचे. त्यांना नॉर्वेच्या अगदी उत्तर टोकाला, एका बंदराच्या गावी नोकरी लागली, म्हणून आम्ही तिकडे गेलो. तिथे माझी दहा वर्षं कोणी धरली नाहीत. भाषेची परीक्षा द्या, वर्षभर मदतनीस म्हणून काम करा, तिथल्या प्रमुखांचा चांगला दाखला आणा, मग बघू, असं उत्तर आलं. तेव्हा मी गावातल्या वृद्धाश्रमात लागले. अंघोळी घालायच्या, भरवायचं, अंथरुणं बदलायची.

त्या भाषेत सगळे सगळ्यांना ‘तू’ म्हणतात. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला तू म्हणताना माझी जीभ अडखळायची. तोंडाने तू म्हटलं तरी मनात मी तुम्हीच म्हणायचे, म्हणून इथेही तसंच लिहिते.

“गान्,” ओलाउगबाई सांगू लागल्या. आवाज एकदम वर्गातला झाला. “लिहिताना शेवटी ड येतो, पण तो उच्चारायचा नाही. अचानक अशी कळ आली, गुरं पटापट मेली, बोट उलटली, की लोक म्हणत, कोणीतरी गान् सोडला. दिसत नाही. माशीसारखा उडत येतो म्हणे आणि ज्याच्या नावाने सोडला त्याला लागतो.”

“आमच्याकडे मूठ म्हणतात!” मी म्हणाले. मला एकदम मिरज आठवली. “मुठीत उडीद घ्यायचे, मंत्र म्हणायचा आणि सोडायची. माणूस कुठेही असला तरी जाऊन लागते. आमच्या गल्लीत एक बाई होती, तिच्या दारावरून शाळेत जाताना पोरं पळत सुटायची. मी विचारलं तर आईने थोबाडीत दिली होती. म्हणाली, आपण ख्रिस्ती, असलं तोंडात आणायचं नाही.”

“मूठ,” त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. ठ त्यांना जमेना. आम्ही दोघी हसलो.

“आणि तुमचा शब्द आला कुठून?”

“हं. हा खरा प्रश्न.” त्यांनी कपाटातला जाड कोश काढायला लावला. चष्मा लावून पान शोधलं. “पंडितांचं अजून एकमत नाही. पण बरेच जण म्हणतात, मूळ अर्थ काठी. साधी काठी. मग जादूगाराच्या हातातली काठी. मग काठी राहिली बाजूला आणि तो जे सोडतो त्यालाच गान् म्हणायला लागले.”

“कोण सोडायचं?”

ओलाउगबाईंनी कोश मिटला. “फिन सोडतात, असं लोक म्हणत. म्हणजे सामी. इथले उत्तरेकडचे मूळचे. समुद्रकाठी मासे धरणारे आणि डोंगरात रेनडिअर राखणारे, दोन्ही. काही वाईट झालं की त्यांचंच नाव. आमच्या फ्योर्डच्या, म्हणजे खाडीच्या, टोकाला एक एलेन म्हणून होती. शेजाऱ्याची तीन वासरं एका आठवड्यात मेली. लोक म्हणाले, एलेन डबीत माश्या पाळते, तिने सोडल्या. व्यापाऱ्याने तिचे मासे घेणं बंद केलं. चर्चमध्ये ती बसली की बाक रिकामा व्हायचा.”

“मग काय झालं तिचं?”

“काय व्हायचंय? म्हातारी झाली, मेली.” त्या पाठ वळवून बसल्या. “सदरा दे. थंडी वाजते.”

एप्रिलच्या सुरुवातीला त्यांना न्यूमोनिया झाला. दोन दिवस ताप उतरेना. दुपारी मी कपाळावर ओली घडी ठेवत होते, तर त्या भराभर बोलायला लागल्या. मला वाटलं, तापामुळे उच्चार बिघडलेत. मग कान देऊन ऐकलं. ती नॉर्वेजियन नव्हती. स्वयंपाकघरातल्या रेडिओवर रोज पाव तास सामी बातम्या लागायच्या, कोणीतरी लगेच बटण फिरवायचं. तीच चाल होती. बोबडं, चुकतमाकत काही नाही. ओलाउगबाई घरातल्यासारख्या बोलत होत्या. मध्येच हसल्या. त्यांना तसं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मला भरून आलं. तीन वर्षं मी रूबेनखेरीज कोणाशी मराठी बोलले नव्हते. तापात मीही मिरजेचंच काहीतरी बोलेन, आणि उशाशी बसलेल्या बाईला त्यातलं अक्षर कळणार नाही, असं मनात आलं.

आश्रमात प्रत्येकाची फाइल असे. पहिल्याच पानावर मातृभाषेचा रकाना. सामी लिहिलेलं असलं तर ती भाषा बोलणारी एक नर्स मंगळवारी आणि शुक्रवारी खास येऊन बसायची, आजारपणात बोलावलं तर एरवीही यायची. ओलाउगबाईंच्या रकान्यात ‘नॉर्वेजियन’ होतं. मी ते खोडलं, ‘सामी’ लिहिलं, पुढे माझी आद्याक्षरं घातली. त्यांना विचारलं नाही. त्या तापात होत्या, आणि मला इतकं चांगलं काम केल्याचा आनंद झाला होता, की विचारायचं सुचलंच नाही.

शुक्रवारी सामी नर्स आली. सोमवारी मला ऑफिसात बोलावणं आलं.

वेन्के आमची प्रमुख. पन्नाशीची, कामाला चोख, आवाज कधी न चढवणारी. तिच्या शेजारी ओलाउगबाईंचा मुलगा स्टाइनार बसला होता. गावात त्याला सगळे ओळखायचे. त्या वर्षी गावाच्या नावाची पाटी दोन्ही भाषांत लावायची की नाही यावरून वाद पेटला होता. ‘या गावात सामी कधी नव्हतेच’ असं म्हणणाऱ्यांचा तो पुढारी. वर्तमानपत्रात त्याचा फोटो यायचा.

“आईच्या फाइलवर हे कोणी लिहिलं?” त्याने विचारलं.

“मी.”

“तुला सामी येते?”

“नाही.”

“मग कळलं कसं? तुमच्याच देशातली कुठली भाषा असेल, तूच बडबडत असशील.”

“मी ऐकलं. दोन दिवस त्या तेच बोलत होत्या. त्यांना बरं वाटत होतं बोलताना.”

“माझ्या आईने या गावच्या तीन पिढ्यांना नॉर्वेजियन शिकवली आहे,” तो म्हणाला. मान लाल झाली होती. “शुक्रवारी ती परकी बाई खोलीत शिरून तिच्याशी त्या भाषेत बोलायला लागली. आई थरथर कापत होती. मी आलो तेव्हा पांघरूण डोक्यावरून घेऊन पडली होती.”

हे मला माहीत नव्हतं.

वेन्केने टेबलावरचे कागद सारखे केले. “सुवार्ता, आणखी एक आहे. ओलाउग म्हणते, तू तिच्यावर काहीतरी करतेस.”

“काय करते?”

वेन्के अडखळली. तिला लाज वाटत होती. “गान्.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

“तूच तिला सांगितलंस ना?” स्टाइनार म्हणाला. “तुमच्याकडे मुठीतून सोडतात. कसलेतरी दाणे घेऊन. ती म्हणते, तू पाठ पुसायला लागल्यापासून तिचा खांदा दुखतो. तापही तूच आणलास. तापात तिच्या तोंडून जे काही निघालं, ते तूच बोलवून घेतलंस.”

“तुम्ही हे खरं मानता?”

“मी कशाला मानू? पण तू तिच्या मनात भरवलंस.”

“असलं कोणीच मानत नाही, सुवार्ता,” वेन्के शांतपणे म्हणाली. “पण रुग्णाला तुझी भीती वाटते, हे मला नोंदवावं लागेल. आणि एकदा नोंदवलं की दाखल्यात लिहावं लागेल.” तिने फाइल पुढे सरकवली. “तुझी भाषा अजून कच्ची आहे. ऐकण्यात चूक झाली असेल. तू रकाना दुरुस्त करून, खाली गैरसमजाने लिहिलं गेलं असं लिहून सही केलीस, तर बाकी काही नोंदवायची गरज नाही. उद्यापर्यंत विचार कर.”

ऑफिसातून निघाले ती सरळ ओलाउगबाईंच्या खोलीत गेले. त्या खुर्चीत बसल्या होत्या. केस विंचरलेले, मांडीवर वर्तमानपत्र.

“तुम्ही असं का सांगितलंत?”

“दार लाव.”

मी दार लावलं.

“लिहिण्याआधी मला विचारलं होतंस?” त्या म्हणाल्या.

“नाही. मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल.”

“बरं वाटेल!” हा शब्द त्यांनी असा उच्चारला, की मला ती मिरजेची थोबाडीत आठवली. “पंचाहत्तर वर्षं मी हे सांभाळलं. नवऱ्याला कळू दिलं नाही. आणि तू पेन्सिलीने लिहिलंस की पेनाने?”

“पेनाने.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या.

“एलेन माझी आई होती,” त्या म्हणाल्या.

मी पलंगाच्या कडेवर बसले.

“मला आठव्या वर्षी सरकारी वसतिशाळेत घातलं. आपली भाषा बोलली की मारायचे. मी पटकन शिकले, मला मार कमी बसला. मग वासरं मेली आणि गोष्ट शाळेपर्यंत आली. मास्तरांनी सगळ्यांपुढे उभं केलं. म्हणाले, ओलाउग, डबीत माश्या पाळते ती तुझी आई ना? मी म्हटलं, नाही. ती आमची शेजारीण. आम्हालाही तिची भीती वाटते.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “त्या दिवसापासून मला कोणी हात लावला नाही. जेवताना मुली शेजारी बसायला लागल्या.”

“आणि आई?”

“नाताळात न्यायला आली. एवढ्या थंडीत होडी वल्हवत. मी वरच्या खिडकीतून बघितलं. खाली गेले नाही. मास्तरांनी तिला सांगितलं, तुझ्या मुलीची यायची इच्छा नाही. ती थोडा वेळ उभी राहिली आणि मागे वळली. पुन्हा आली नाही. मीही गेले नाही.”

खाली अंगणात कोणीतरी फावड्याने बर्फ ओढत होतं. त्याचा खरखर आवाज येत होता.

“म्हणजे तेव्हा आईवर ढकललंत,” मी म्हणाले, “आणि आता माझ्यावर.”

“स्टाइनार दारात उभा होता. ती बाई माझ्याशी बोलत होती आणि तो ऐकत होता. काहीतरी सांगायलाच हवं होतं. दुसरं काय सांगणार होते?” आवाज पुन्हा वर्गातला झाला. “तुझं काय जाणार आहे? तू परत जाशील तुझ्या देशात. मला इथे पुरणार आहेत, इथल्या चर्चच्या आवारात, नवऱ्याशेजारी.”

“मी परत जाणार नाही.”

“मग शिकून घे,” त्या म्हणाल्या. “आणि ते खोडून टाक, सुवार्ता.”

माझं नाव त्यांनी पहिल्यांदाच नीट उच्चारलं.

दुसऱ्या दिवशी मी सही केली. ‘सामी’वर आडवी रेघ मारली, वर ‘नॉर्वेजियन’ लिहिलं, खाली लिहिलं की माझ्या अपुऱ्या भाषाज्ञानामुळे चूक झाली. वेन्केने माझा एक प्रत्यय दुरुस्त केला. रूबेनना मी सांगितलं, म्हातारीची इच्छा होती म्हणून केली. ते म्हणाले, बरं केलंस. खरं तर मी रागाने केली. त्या बाईने मला जे म्हटलं, त्यानंतर तिच्या रकान्यात कोणती भाषा असेल ती असो, आणि माझा दाखला मला मिळो, असं माझ्या मनात होतं. सही करताना हात जरासुद्धा थांबला नाही.

मला खालच्या मजल्यावर कामाला घातलं. महिनाभर ओलाउगबाई मला दिसल्या नाहीत.

मे महिन्याच्या पंधरा तारखेला त्यांना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली. सतरा मे म्हणजे नॉर्वेचा मोठा सण, अर्धी माणसं सुटीवर, म्हणून वेन्केने मला त्या दिवसापुरतं वरच्या मजल्यावर पाठवलं. “ती आता कोणाला ओळखत नाही,” ती म्हणाली. तिला वाटलं, मला त्याने दिलासा मिळेल.

खोलीत तरुण डॉक्टर होती, आणि स्टाइनार. कोटावर लाल, निळी, पांढरी फीत लावून तो खिडकीशी उभा होता. खालून मुलांची मिरवणूक चालली होती. बँडचा आवाज येत होता.

ओलाउगबाई बोलत होत्या. तोंड वाकडं झालं होतं, तरी शब्द स्पष्ट होते. तेच तीन-चार शब्द. जरा थांबायच्या, आमच्याकडे बघायच्या, पुन्हा म्हणायच्या. नॉर्वेजियन एकही नाही. पंचाहत्तर वर्षं घट्ट धरून ठेवलेली भाषा दोन दिवसांत साफ निघून गेली होती. खाली जी दाबलेली होती, तेवढीच उरली होती.

“नुसते आवाज आहेत की ही काही बोलतेय?” डॉक्टरने विचारलं. तिने पायथ्याशी टांगलेली फाइल चाळली. “मातृभाषा नॉर्वेजियन. हं.”

सामी नर्सचा नंबर ऑफिसात फोनशेजारी चिकटवलेला होता. वीस मिनिटांत आली असती.

ओलाउगबाईंनी पुन्हा तेच शब्द म्हटले. या वेळी आवाज रडवेला होता. स्टाइनारची पाठ आमच्याकडे होती. तो खाली मिरवणूक बघत होता. मान न वळवता त्याने हात मागे नेला, पायाशी गोळा झालेलं पांघरूण चाचपून धरलं आणि आईच्या गळ्यापर्यंत ओढून दिलं.

ओलाउगबाई शांत झाल्या.

मग त्याचं त्यालाच कळलं, आपण काय केलं ते. हात पांघरुणावर तसाच राहिला. तो वळला. डॉक्टर फाइलमध्ये काही लिहीत होती. तिने पाहिलं नव्हतं. मी पाहिलं होतं, आणि मी पाहिलं हे त्याने पाहिलं. आयुष्यभर भाषा लपवणारी आई तान्ह्या मुलाला झोपवताना, दारं लावून, कधीतरी तीच भाषा बोलली असणार. एवढ्या वर्षांनी त्याच्या हाताला ती समजली.

“तुम्हाला काही कळतंय का त्या काय म्हणतायत?” डॉक्टरने वर बघत त्याला विचारलं.

“नाही,” स्टाइनार म्हणाला. “काही अर्थ नाही त्याला.”

“आणि तुला?”

तो माझ्याकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत धमकी नव्हती. मला वाटतं, विनवणी होती. पण मला त्याची दया आली म्हणून मी गप्प बसले, असं म्हणणार नाही. फाइलवर माझी सही होती. ती चूक होती असं मी लिहून दिलं होतं. आता तेच खरं होतं म्हटलं असतं, तर मी काय ठरले असते?

“नाही,” मी म्हणाले. “माझी भाषा अजून कच्ची आहे.”

डॉक्टरने लिहिलं, अर्थहीन उच्चार, आणि ती पुढच्या खोलीत गेली.

जूनमध्ये मला दाखला मिळाला. रुग्णांशी वागणं उत्तम, असं वेन्केने लिहिलं होतं. पुढे आम्ही दक्षिणेला मोठ्या शहरात गेलो आणि मी वीस वर्षं नर्स म्हणून काम केलं. त्याआधी, मेच्या अखेरीस, ओलाउगबाईंच्या अंत्यविधीला मी गेले होते. स्तोत्रं नॉर्वेजियन होती. दफन झाल्यावर स्टाइनारने सर्वांच्या देखत माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, “आईशी चांगली वागलीस.”

पक्षाघातानंतर ओलाउगबाई अकरा दिवस जगल्या. मी खालच्या मजल्यावर परत गेले होते, पण जिन्यात त्यांचा आवाज यायचा. त्या काहीतरी मागत होत्या, रोज वेगळं. ते समजणारा एकच माणूस तिथे यायचा. तो दुपारी अर्धा तास बसायचा आणि जाताना नर्सना सांगायचा, आज काही विशेष बोलली नाही.